चिठ्ठी लागत नाही

मनाचं दुखणं घेऊन मदत मागायला जाताना कुणाची चिठ्ठी लागत नाही. डॉक्टरची नाही, सरपंचाची नाही, नवऱ्याची नाही, पोलीस ठाण्यातल्या साहेबाचीही नाही. झोप उडालीय, कशात जीव लागत नाही, दारू हाताबाहेर गेलीय, घरात रोज मार खावा लागतोय, एवढं ज्याचं त्याला कळलं की पुरे. तो आपल्या पायांनी जाऊ शकतो, आपल्या हाताने फोन लावू शकतो. अशी ठिकाणं महाराष्ट्रात आहेत. काही सरकारी आहेत, काही संस्थांची, काही साध्या माणसांनी स्वतःच्या खिशातून चालवलेली. बऱ्याच ठिकाणी पैसाही लागत नाही.

तरी माणसं पोचत नाहीत. त्यांना अडवतात ती दारातली सहा-सात वाक्यं. कुणी दुष्टपणाने ती बोलत नाही, तोंडी बसलेली आहेत म्हणून बोलतात. पण ज्याने कित्येक दिवस मन घट्ट करून उंबरठा गाठलेला असतो, त्याला परत पाठवायला त्यातलं एक वाक्य पुरतं. आज एकेकाचा समाचार घेऊ.

"काय होतंय?"

सरकारी रुग्णालयाची सकाळ. केसपेपरच्या खिडकीपुढे रांग. काचेला खाली अर्धगोल भोक, त्याच्याशी तोंड नेऊन बोलावं लागतं. आतून प्रश्न येतो, "काय होतंय?" पाठीशी वीसेक माणसं उभी. ताप, गुडघा, दात, खोकला ही उत्तरं मोठ्याने देता येतात. "मला जगावंसं वाटत नाही" हे त्या भोकातून ओरडून सांगता येत नाही. बाई म्हणते, "डोकं दुखतंय." तिला साध्या ओपीडीचा कागद मिळतो, तिथून वेदनाशामक गोळ्या मिळतात, आणि ती घरी जाते. रजिस्टरात डोकेदुखी नोंदली जाते. खरं दुखणं तिच्याबरोबर परत जातं.

यावर उपाय फुकटचा आहे. खिडकीवर आजार विचारू नका, खोली विचारा. "कितव्या खोलीत जायचंय?" एवढाच प्रश्न. प्रवेशद्वाराशी खोल्यांचा मोठा फलक लावा आणि त्यावर मानसोपचार विभागाचा क्रमांक बालरोग आणि नेत्रविभागाच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात लिहा. आणि नंबर आल्यावर "मेंटलवाले इकडे या" असा पुकारा कॉरिडॉरभर करणं आजपासून बंद करा. नाव घेऊन हाक मारता येते.

पैशाचा प्रश्न इथे नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग चालतो. तिथे तपासून घेऊन, औषध घेऊन त्याच दिवशी घरी जाता येतं, हे त्या शहरांतल्या लोकांनासुद्धा ठाऊक नसतं. त्या फाटकाच्या आत गेलेला माणूस बाहेर येत नाही, ही जुनी समजूत अजून तशीच आहे. ती पुसायचं काम आरोग्य खात्याचं. त्यासाठी मंत्र्यांच्या फोटोंची पानभर जाहिरात लागत नाही, वेळा आणि पत्ता लिहिलेला एक पत्रा लागतो.

"सोबत कोण आहे?"

एकटं आलेलं माणूस दिसलं की हा प्रश्न हमखास येतो. पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, "घरच्यांना घेऊन या."

कायदा वेगळं सांगतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ नुसार सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवांतून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या आणि बेघर माणसांना ते विनामूल्य मिळायला हवेत. कलम ८६ आणखी पुढे जातं. आपल्याला मानसिक आजार आहे आणि दाखल व्हायचं आहे असं वाटणारी कोणतीही सज्ञान व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. असा रुग्ण स्वतःच्या इच्छेने बाहेरही पडू शकतो. तपासणीसाठी त्याला जास्तीत जास्त २४ तास थांबवता येतं, तेही कायद्यात दिलेल्या कारणांसाठीच. कलम २३ ने गुप्ततेचा हक्क दिला आहे. रुग्णाला न विचारता त्याच्या घरी फोन फिरवणाऱ्यांनी ते कलम एकदा वाचावं.

बाईच्या बाबतीत तर "सोबत कोण आहे?" हा प्रश्न क्रूर ठरतो. जो सोबत येईल तोच पुष्कळदा दुखण्याचं कारण असतो. हे ओळखून १९८४ साली मुंबई पोलिसांच्या आवारात टाटा समाजविज्ञान संस्थेने स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. जागा पोलिसांची, पण टेबलामागे बसणारी व्यक्ती प्रशिक्षित समाजकार्यकर्ती. बाई एकटी येते, आधी तिचं ऐकून घेतलं जातं, मग पुढे काय करायचं ते तीच ठरवते. तक्रार नोंदवायची की नाही, माहेरी जायचं की नाही, नवऱ्याला बोलावायचं की नाही, हे सगळं तिच्या हातात. पुढे राज्य सरकारने हे काम स्वीकारलं आणि कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. आज १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे, 'सखी' केंद्रं आहेत. या सगळ्यांमागे असलेलं तत्त्व १९८४ मध्येच सिद्ध झालं होतं. एकट्या बाईला बसायला खुर्ची द्या आणि तिचं बोलणं मध्येच तोडू नका.

याच्या अगदी उलट प्रकार व्यसनमुक्तीच्या नावाखाली चालतो. घरच्यांनी फोन करायचा, चौघांनी येऊन माणसाला गाडीत कोंबायचं आणि महिनोन् महिने कुलपात ठेवायचं. अशा जागेला उपचारकेंद्र म्हणणं थांबवा. नोंदणी आहे का, डॉक्टर कोण, रुग्णाला घरी फोन करता येतो का, हे तीन प्रश्न विचारा. तिथला माणूस टाळाटाळ करू लागला तर आपलं माणूस तिथे ठेवू नका. महाराष्ट्राला यापेक्षा चांगली वाट माहीत आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं. व्यसनी माणसाला गुन्हेगारासारखं वागवायचं नाही, ही तिथली रीत. व्यसनी माणसांच्या बायकांसाठी तिथे 'सहचरी' हा गटही आहे, कारण नवरा सुधारेपर्यंत तिने वाट बघत बसावं हे तिथे कुणाला मान्य नाही.

"एकच्या आत या"

ओपीडी सकाळची. नोंदणी दुपारी बंद. म्हणजे मदत हवी असेल तर दिवसाची मजुरी बुडवा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०२२ ची आकडेवारी पाहा. त्या वर्षी देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. त्यातली २२,७४६ महाराष्ट्रातली, हा देशातला सर्वांत मोठा आकडा. देशभरातल्या या माणसांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक रोजंदारीवर जगणारी होती. दर शंभरात सत्तरहून जास्त पुरुष. आता हा माणूस डोळ्यांपुढे आणा. बांधकामावरचा बिगारी, टेम्पोवरचा हेल्पर, द्राक्षबागेत फवारणीला जाणारा मजूर. सकाळी नऊ ते एक तो कुठे असतो? कामावर. आणि आपण त्याला सांगतो की मन बरं करायचं असेल तर त्याच वेळेत ये, एकदा नाही, दर पंधरवड्याला ये.

संध्याकाळची सोय कशी करतात हे शिकायचं असेल तर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची एखादी मीटिंग बघा. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली, १९५७ पासून भारतात आहे. सदस्य व्हायला एकच अट, दारू थांबवण्याची इच्छा. फी नाही, चिठ्ठी नाही, आडनाव सांगायची सक्ती नाही. दिवेलागण झाल्यावर एखाद्या शाळेचा वर्ग उघडतात. चौथीतल्या मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे आखडून बसतात. फळ्यावर दुपारचा गुणाकार तसाच असतो. एकजण उठतो, नाव सांगतो, "मी मद्यपी" म्हणतो आणि शेअरिंग सुरू करतो. दारू कधी सुरू झाली, कुठवर गेली, मुलीच्या गॅदरिंगला काय झालं, कधी स्लिप झाली म्हणजे पुन्हा प्यायलो, आज कितवा दिवस. कुणी उपदेश करत नाही. पुढचा उठतो. खर्चासाठी पिशवी फिरते, जमेल त्याने टाकायचं. बाहेरची देणगी घेतच नाहीत. घरच्यांसाठी अल्-अनॉनच्या वेगळ्या मीटिंगा असतात.

दारू सोडू पाहणारी माणसं कामधंदा सांभाळून, शाळेचा वर्ग मागून घेऊन, संध्याकाळी हे करू शकतात. मग सरकारी आरोग्यव्यवस्थेने आठवड्यातून एक संध्याकाळ मानसोपचाराची ओपीडी उघडी ठेवावी, ही मागणी मोठी म्हणता येणार नाही. एकच वार, सहा ते नऊ. मजुरी न बुडवता येता येईल अशी एक वेळ.

"फोन करा की"

करावाच. टेलिमानस हा सरकारी क्रमांक, १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी तो सुरू झाला. चोवीस तास, विनामूल्य, मराठीसह २० भाषांत. रात्री अडीचला छातीत धडधडू लागलं, मनात नको ते येऊ लागलं, तर हा नंबर लावा. कुणी लावायला सांगितलं हे तिथे विचारत नाहीत. एकट्या पडलेल्या ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे, मुलांसाठी १०९८ आहे. हे नंबर स्वयंपाकघराच्या भिंतीवर, गॅसवाल्याच्या नंबराशेजारी लिहून ठेवायला हवेत.

पण फोनवर सगळं सोपवून हात झटकू नका. दोन खोल्यांच्या घरात सासू, दीर, दोन मुलं आणि टीव्ही असताना सून बोलणार कुठे? घरात फोन एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात. असला तरी कॉलची यादी संध्याकाळी तपासली जाते. तिला हवी आहे दार लावता येईल अशी एक जागा. ग्रामपंचायतीत, अंगणवाडीत, वाचनालयात, आरोग्य उपकेंद्रात अर्धा तास एक खोली आणि तिथला फोन मिळाला तरी पुष्कळ. बचत गटाच्या बैठकीला ती येतेच, आणि त्या बैठकीला जायला घरातून सहसा कुणी अडवत नाही. त्याच दिवशी, त्याच इमारतीत ही खोली उघडी ठेवा. एवढ्या साध्या गोष्टीसाठी नव्या योजनेची घोषणा व्हायची वाट बघू नका.

"उगाच गर्दी होईल"

हे वाक्य शिकलेल्या लोकांचं. दार सताड उघडलं तर कुणीही येईल, किरकोळ रडगाणी घेऊन येतील, खऱ्या रुग्णांची जागा अडेल.

याचं उत्तर पूर्व लंडनमधल्या न्यूहॅम या भागातून मिळतं. २००६ मध्ये तिथे संवादोपचाराचं एक केंद्र प्रयोग म्हणून उघडलं आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट येण्याची मुभा दिली. न्यूहॅम ही वस्ती अनेक वंशांची, स्थलांतरितांची. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपणहून आलेली माणसं डॉक्टरांनी पाठवलेल्यांइतकीच आजारी होती, आणि त्यांनी दुखणं जास्त काळ अंगावर काढलेलं होतं. शिवाय डॉक्टरांच्या वाटेने जे अल्पसंख्य समाज कमी येत होते, ते या दाराने जास्त आले. ज्यांना व्यवस्थेने गाठलंच नव्हतं, ते उघडं दार दिसताच चालत आले. पुढे ही सेवा सबंध इंग्लंडभर गेली आणि आपणहून नाव नोंदवण्याची सोय तिथे कायम झाली. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीही ध्यानात ठेवावं, डॉक्टरकडे नावनोंदणी असलेल्या प्रौढ व्यक्तीला या सेवेकडे थेट जाता येतं आणि दुभाषाही मागता येतो.

आपल्याकडचं चित्र? बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात आजारागणिक शंभरातल्या ७० ते ९२ जणांना उपचार मिळतच नव्हते. दहा आजारी माणसांतली सात ते नऊ जिथे दारापर्यंतच येत नाहीत, तिथे गर्दीचा बाऊ करणं म्हणजे न आलेल्यांवर अन्याय करणं आहे.

"डॉक्टर आहेत कुठे?"

मानसोपचारतज्ज्ञ कमी आहेत, ही गोष्ट खरी. ते पुढच्या पाच वर्षांत तालुक्यातालुक्यांत पोचणार नाहीत, हेही खरं. पण म्हणून काहीच करता येत नाही, हे खोटं. ते खोटं असल्याचा पुरावा शेजारच्या गोव्यात आहे.

१९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिलं आणि तीव्र नैराश्याच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ भेटी घ्यायला सांगितल्या. भेटीत करायचं काय? दिवसभरात काय होतं ते विचारायचं, सुटून गेलेल्या आवडीच्या, गरजेच्या गोष्टींपैकी एक निवडायची, ती या आठवड्यात करून बघायची, पुढच्या भेटीत त्यावर बोलायचं. संस्थेचे डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के रुग्णांचं नैराश्य ओसरलं होतं. ज्यांना नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. संस्थेने दारूच्या समस्येसाठीही असाच प्रयोग केला.

म्हणजे गावातलीच शहाणी, शांत, ऐकून घेणारी माणसं निवडायची, त्यांना नीट शिकवायचं, त्यांच्या कामावर तज्ज्ञाने लक्ष ठेवायचं आणि गंभीर रुग्ण तज्ज्ञाकडे पोचवायचा. हे आपल्याला जमण्यासारखं आहे. अट एकच, या माणसांना पगार द्या. आशाताईंच्या पिशवीत आणखी एक रजिस्टर सरकवून, "आता मनही तुम्हीच बघा" असं सांगू नका. त्यांच्या मानधनासाठी त्यांना आंदोलनं करावी लागतात. दुसऱ्याचं दुःख तासभर ऐकणं हे कष्टाचं काम आहे आणि कष्टाला दाम असतो.

"पोलीस केस होईल"

या भीतीने माणसं आजही मरतात. जीव द्यायचा प्रयत्न करून वाचलेल्याला दवाखान्यात न नेता घरीच ठेवतात, किंवा "चुकून झालं" म्हणून सांगतात आणि खरा उपचार राहून जातो.

तर नीट ऐका. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं, पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतून आत्महत्येच्या प्रयत्नाचा तो जुना गुन्हा वगळला गेला. सरकारी नोकराला त्याच्या कामापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच अपवाद उरला आहे. रुग्णालय नोंद करील, पोलीस जबाब घेतील. त्यासाठी उपचार थांबवू नका आणि घरातल्यांनी कुणाला खोटं बोलायला लावू नका. डॉक्टरला खरं कळलं तरच खरा इलाज होईल.

आता काम

माझं म्हणणं एवढंच आहे, आपणहून आलेला माणूस हा आरोग्यव्यवस्थेला मिळालेला सर्वांत चांगला रुग्ण. त्याने निम्मं काम आधीच केलेलं असतं. त्याला दुखणं कळलेलं आहे, त्याने लाज बाजूला ठेवली आहे, त्याला बरं व्हायचं आहे. अशा माणसाला खिडकीवरून परत पाठवणारी व्यवस्था नंतर जनजागृती सप्ताहावर कितीही खर्च करो, ते वरातीमागून घोडं आहे.

म्हणून या आठवड्यात वाचकांनी एक काम करावं. आपल्या जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जावं आणि विचारावं, मानसोपचाराचे डॉक्टर किंवा समुपदेशक कोणत्या वारी येतात, कितव्या खोलीत बसतात. उत्तर मिळालं तर ते सोसायटीच्या फलकावर, गणेश मंडळाच्या ग्रुपवर, ज्येष्ठ नागरिक संघात, बचत गटात पोचवावं. उत्तर मिळालं नाही तर वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी मागावं आणि पोच घ्यावी. ग्रामसभेत ठराव मांडावा. दार लागणारी एक खोली, संध्याकाळची एक वेळ आणि पगारी समुपदेशक, एवढं त्या ठरावात असू द्या.

आणि मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला, रस्ता आणि पाण्याच्या पाठोपाठ तिसरा प्रश्न विचारा, "आमच्या तालुक्यात संध्याकाळी बसणारा समुपदेशक कधी आणताय?" तारीख मागा. तारीख दिल्याशिवाय पुढच्या घरी जाऊ देऊ नका.